ताई लातूरला गेली, तर धाकटीची आठवी कशी होणार?

पत्र

"माझी धाकटी बहीण तेरा वर्षांची आहे. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळं हातापायांच्या स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. धरून चार पावलं टाकते, नीट बसते, पण हात थरथरतात आणि बोलणं बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. डोक्यानं हुशार आहे, गणित तर माझ्यापेक्षा चांगलं. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिची सातवी झाली. मी तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून सोडायचे. दुपारच्या सुट्टीत आई खुरपण सोडून यायची आणि तिला लघवीला नेऊन परत रानात जायची. आता आठवीची शाळा अडीच किलोमीटरवर, शेजारच्या गावात आहे. माझी बारावी झाली. लातूरला जीएनएम नर्सिंगला जायचं ठरलंय, वर्ग पावसाळा सरता सरता सुरू होतील. आबा गवंडीकाम करतात. ते म्हणतात, 'झालं तेवढं शिक्षण बास, तिकडं पडली-झडली तर कोण बघणार?' हायस्कूलचे सर म्हणाले, 'तिला अपंगांच्या शाळेत घाला, नाहीतर घरीच राहू दे, आम्ही पटावर नाव ठेवतो.' फेब्रुवारीपासून तिला पाळी येते. आत्या म्हणते, पिशवीच काढून टाका, सगळ्यांची सुटका होईल. धाकटी स्वतः काही बोलत नाही. फक्त शाळेच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. मी नर्सिंग सोडू का?"
– एक ताई, धाराशिव जिल्हा

उत्तर

प्रिय ताई,

नर्सिंग सोडू नकोस. तू घरी थांबलीस तर धाकटीची शाळा तुझ्या एकटीच्या अंगावर राहील आणि तुला चार दिवस ताप आला तरी बंद पडेल. आजवर तू आणि आईनं मिळून जे केलं ते आता पाच-सहा जणांत वाटून द्यायचं आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडेल आणि तुझे वर्ग त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी सुरू होतील. वाटणी करायला एवढे दिवस पुरतात, मात्र पहिल्या आठवड्यापासून लागायला हवं.

तुझ्या पत्रात रस्ता, सर, आबा, आत्या असं पुष्कळ काही आहे. आमचं लक्ष अडकलं ते पाण्याच्या घोटावर. धाकटीनं तुम्हाला सांगितलंय, तोंडानं नाही एवढंच. तिला लघवीला न्यायला दुपारी कुणी येईल याची तिला खात्री नाही, म्हणून तिनं पाणीच बंद केलं. अपंग मुलींची शाळा आठवीच्या सुमाराला सुटते तेव्हा घरचे कारण सांगतात ते अंतराचं. नीट विचारत गेलं की बहुतेक वेळा गाडी संडासाशी येऊन थांबते. गावातल्या शाळेत आई दहा मिनिटांत पोचायची, अडीच किलोमीटरवर ती पोचू शकत नाही, एवढाच फरक झालाय. सुरुवात तिथूनच करू.

पाणी न पिण्याचे परिणाम आधी सांगतो, म्हणजे घरात कुणी याला 'तिची सवय' म्हणणार नाही. लघवी दाबून धरली आणि पाणी कमी पडलं की लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो, जळजळ होते, ताप येतो. सेरेब्रल पाल्सीत बद्धकोष्ठता तशीही लवकर होते, पाणी कमी म्हणजे ती वाढणार. पोट साफ नसलं किंवा कुठं दुखत असलं की पायांचा ताठरपणाही वाढतो. दोन महिन्यांपूर्वी धरून चालणारी मुलगी एकदम चालेनाशी झाली तर पायांच्या आधी पोटाची आणि लघवीची चौकशी करावी.

आता हायस्कूलचा संडास. सर काय म्हणतात ते बाजूला ठेव आणि आबांना घेऊन स्वतः बघून ये. मोजपट्टी बरोबर ने. बऱ्याच शाळांत 'दिव्यांगांसाठी' अशी पाटी लावलेला संडास असतो आणि आत झाडू, मोडकी बाकं नि खडूची खोकी भरलेली असतात. तसा असेल तर निम्मं काम झालंच आहे, तो रिकामा करून घ्यायचा. नसेल तर मुलींच्या संडासांच्या ओळीत बघ. एकेक खोली साधारण ९० सेंटीमीटर रुंद आणि १२० सेंटीमीटर खोल असते. धाकटी, तिला धरणारी बाई आणि बसायची चौकट एवढं त्यात मावत नाही, दार लागत नाही, आणि दार उघडं ठेवून ती बसणार नाही. बसूही नये. कडेच्या दोन खोल्यांमधली अर्ध्या विटेची भिंत काढली की एक मोठी खोली होते. गवंड्याचं ते एका दिवसाचं काम आहे. राहिलेलं एक दार कमीत कमी ८० सेंटीमीटर रुंद हवं, पुढंमागं चाकाची खुर्ची आत न्यायची असेल तर ९०. ते बाहेर उघडणारं हवं. आत उघडणारं दार, आत पडलेल्या मुलीला अडून, बाहेरून ढकलता येत नाही.

ताठ पायांची मुलगी देशी भांड्यावर उकिडवी बसू शकत नाही. त्यासाठी भांडं बदलायची गरज नाही, वर ठेवायची लोखंडी चौकट करून घ्या. माप असं घ्यायचं: धाकटीला खुर्चीवर सरळ बसवायचं आणि गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून टाचेपर्यंत मोजायचं, पायात रोजची चप्पल ठेवून. ३६ सेंटीमीटर भरलं तर आसन जमिनीपासून ३६ सेंटीमीटरवर. जास्त उंच झालं की पाय लोंबकळतात, पाय लोंबकळले की अंग ताठ होतं, आणि अंग ताठ झालं की लघवी सुटत नाही. अशी मुलगी अर्धा तास बसून तशीच उठते आणि बाकावर जाऊन ओली होते. चौकटीला एक इंची चौकोनी पाइप, दोन्ही बाजूंना हात टेकायला दांड्या, मागे कमरेला टेकू, चारी पाय खाली थोडे फाकलेले, पायांना रबरी बूट. आसनाचं भोक २० बाय २५ सेंटीमीटर पुरतं. मोठं केलं तर बारीक अंगाची मुलगी आत रुतते. जोडाच्या कडा घासून घ्या आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या, नाहीतर एका पावसाळ्यात गंज चढतो.

इथं नेहमी होणारी एक चूक सांगून ठेवतो. शाळेतलं भांडं पुष्कळदा पायरीभर उंच ओट्यावर असतं. घरी माप घेऊन केलेली चौकट त्या ओट्यावर बसते आणि पाय मात्र ओट्याच्या खाली हवेत राहतात. म्हणून चौकट करायला टाकण्याआधी तिथला ओटा मोजा. ओटा असेल तर चौकटीलाच पाय ठेवायची फळी जोडून घ्या.

भिंतीला धरायचा दांडा हवाच. दीड इंची पाइप धरायला बरा, त्याहून जाड असला तर थरथरत्या हाताच्या मुठीत मावत नाही. ती चौकटीवर बसलेली असताना तिच्या कोपराच्या थोडं वर येईल अशा उंचीवर लावा. प्लॅस्टरमध्ये खिटी ठोकून स्क्रू मारलेला दांडा चार आठवड्यांत निघतो आणि निघतो तो नेमका तिनं सगळा भार टाकल्यावर. विटेतून आरपार बोल्ट घालून मागून पट्टी लावायची. आबांना हे सांगायची गरज पडणार नाही. नळ किंवा भरलेली बादली बसल्या जागी हाताला लागेल अशी ठेवा, लांब दांड्याचा मग ठेवा. आणि किल्ली! संडासाला कुलूप नि किल्ली सरांच्या खिशात असेल तर हे सगळं फुकट गेलं. एक किल्ली तिच्या दप्तरात राहील, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

वेळ बांधून द्या. घरून निघताना एकदा, शाळेत दोनदा, घरी आल्यावर एकदा. शाळेतल्या दोन वेळा सुट्टीच्या घंटेच्या पाच मिनिटं आधी हव्यात, गर्दी होण्यापूर्वी. लागली की मग जाऊ असं करू नका. तिला तिथवर पोचायलाच वेळ लागतो आणि घाईत ती पडते. सकाळी पाणी कमी करायचं नाही, दिवसभरात दीड लिटरच्या आसपास पोटात गेलं पाहिजे. सलवारीची नाडी काढून टाका आणि कमरेला रुंद इलॅस्टिक घाला. नाडीची गाठ ओली झाली की कुणाच्याच हातानं सुटत नाही.

पाळीचंही याच जागी सांगतो. शाळेत पॅड एकदा, मधल्या सुट्टीत बदललं तर साधारण पुरतं, पहिल्या दोन दिवशी दोनदा. दप्तरात एक वेगळी पिशवी: दोन पॅड, जुने कागद, एक निकर, एक सलवार, एक टॉवेल. निकर बाजूनं उघडणारी शिवून घ्या, दोन्ही कडांना चिकटपट्टी लावून. मग पाय वर न काढता, बसल्या बसल्या बदलता येते. या सगळ्याची घरी सुट्टीच्या दिवशी तालीम करा आणि कोणत्या पायरीला धाकटी स्वतः काय करू शकते ते बघा. पॅडचा कागद तिला सोलता येईल, वापरलेलं गुंडाळता येईल. जे तिला येतं ते तिच्याकडून काढून घेऊ नका.

शाळेत मदत कोण करणार हे तिला विचारून ठरवा. तिथं एखादी शिक्षिका असेल, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई असतील, गावातली रोज त्या बाजूला जाणारी मावशी असेल. बाईच हवी आणि धाकटीनं होकार दिलेलीच हवी. दोघी तयार करा, कारण एक कधीतरी रजेवर जाणार. तू असेतो आधी तू करताना त्यांनी बघायचं, मग त्यांनी करायचं नि तू बघायचं, मग तू बाहेर थांबायचं. आठवडा-दीड आठवड्यात हात बसतो. धाकटीला हेही सांग, की या दोघींशिवाय कुणी अंगाला हात लावला, किंवा या दोघींपैकी कुणी नको तसा लावला, तर घरी येऊन सांगायचं. सांगायचं कसं? बोलणं कळत नाही म्हणून तिला एक पुठ्ठा करून द्या, वहीच्या दुप्पट आकाराचा, त्यावर मोठ्या अक्षरांत आणि चित्रांत: पाणी, संडास, पाळी, दुखतंय, थांबा, नको, मला घरी कुणाला तरी सांगायचंय. दोन चौकटींत चार बोटांचं अंतर ठेवा, म्हणजे थरथरत्या मुठीनंही नेमकं दाखवता येतं. एक पुठ्ठा शाळेत, एक घरी. वाईट काही घडलंच तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन आहे, आणि पोक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात अपंग मुलीवरचा अत्याचार अधिक गंभीर गुन्हा धरला जातो.

आत्याचं म्हणणं काळजीपोटी असेल, पण ते अजिबात ऐकू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम १० मध्ये स्पष्ट आहे: अपंग व्यक्तीला मूल होणं बंद करणारी कोणतीही शस्त्रक्रिया तिच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. आपल्याच राज्यात १९९४ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात, शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या काही मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली. कारण दिलं होतं ते पाळीच्या स्वच्छतेचं. देशभर गदारोळ झाला तेव्हा ते थांबलं. तेरा वर्षांच्या धडधाकट अवयवावर सुरी चालवून सुटतं काय? पॅड बदलण्याची दहा मिनिटं. तिला न्यायचं-आणायचं, धरायचं, लघवीला बसवायचं तर तसंच राहतं. आणि तिला कुणी त्रास दिला तर शस्त्रक्रियेनं तो थांबत नाही, गर्भ राहत नाही म्हणून उघडकीला मात्र येत नाही. आत्याला हे शेवटचं वाक्य सांग. पाळी फारच जास्त जाते, किंवा फार दुखते असं असेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. त्यावर साधी औषधं आहेत.

आता सर. 'अपंगांच्या शाळेत घाला' हे सांगायचा अधिकार त्यांना नाही. याच कायद्याच्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पसंती मुलाची आहे, मुख्याध्यापकांची नाही. कलम १६ मध्ये भेदभाव न करता प्रवेश, इमारतीत जाण्या-येण्याची सोय, गरजेनुसार बदल आणि वाहतुकीची सोय ही शाळेची नि सरकारची कामं म्हणून लिहिली आहेत. कायदा तोंडावर फेकायची गरज पडू नये. त्या सरांना या मुलीबरोबर तीन वर्षं काढायची आहेत, पहिल्या दिवशी भांडण झालं तर मदत करणाऱ्या ताईसुद्धा बिचकतात. सर बहुधा घाबरलेले असतात: पडली तर जबाबदारी कुणाची, संडासाचं काय, निकाल खाली आला तर? त्यांच्या हातात तयार उत्तर द्या.

'पटावर नाव ठेवतो, घरीच राहू दे' हे मात्र गोड बोलून केलेलं नुकसान आहे, तिथं नमू नका. घरी जाऊन शिकवण्याची सोय सरकारच्या समग्र शिक्षा योजनेत आहे, पण ती जे मूल शाळेत येऊच शकत नाही अशासाठी. कागदावर हजर नि प्रत्यक्षात चुलीपाशी, अशी दोन वर्षं गेली की मुलगी दहावीत पोचते आणि अपूर्णांकही विसरलेली असते. मग सगळे म्हणतात, बघा, हिला जमत नाही.

म्हणून अर्ज लेखी द्या, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊनच या. मजकूर एवढा पुरे: "माझी मुलगी इयत्ता ८ वीत नियमित प्रवेश घेत आहे. तिला सेरेब्रल पाल्सी असून अपंगत्व प्रमाणपत्र जोडले आहे. ती रोज शाळेत येईल. तिच्यासाठी कृपया पुढील सोयी कराव्यात: वर्ग तळमजल्यावर, वर्गाच्या व संडासाच्या पायऱ्यांना उतार, संडासात चौकट व दांडा (काम आम्ही स्वतः करून देण्यास तयार आहोत), लेखनासाठी जादा वेळ व लेखनिक, यू-डायस प्लसमध्ये विशेष गरजा असणारी विद्यार्थिनी अशी नोंद." सही आबांची. एक प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. तिथल्याच गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना गाठा आणि जून संपायच्या आत हायस्कूलला एक भेट ठरवून घ्या. तुमच्या सांगण्यापेक्षा त्यांच्या सांगण्यानं सरांची भीती लवकर जाते. एवढं करूनही प्रवेश नाकारलाच, तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते, आणि तेव्हा तो आवक क्रमांकच कामाला येतो.

यू-डायस म्हणजे शाळांची नि मुलांची सरकारी ऑनलाइन नोंदवही. तिच्यातली नोंद ऑफिसातली बारीकशी गोष्ट वाटते, पण पैसा आणि साधनं तिच्या मागून येतात. ती नसली तर सरकारच्या लेखी शाळेत अपंग मुलगीच नाही. नोंद पहिल्या सत्रातच झाली की नाही ते सप्टेंबरच्या आत कारकुनांकडे जाऊन स्क्रीनवर बघ. समग्र शिक्षामध्ये अपंग मुलींना महिना २०० रुपयांप्रमाणे वर्षाचे १० महिने प्रोत्साहन भत्ता आहे, शिवाय प्रवास भत्ता नि मदतनीस भत्ता वेगळा. तिच्या नावाचं, आधार जोडलेलं बँक खातं लागतं. हे पैसे उशिरा येतात, कधी वर्ष संपताना एकदम. म्हणून ने-आण करणाऱ्या मावशीला 'भत्ता आला की देऊ' असं सांगून कामाला लावू नका, दुसऱ्या महिन्यात ती येणार नाही. नववीत गेली की केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती भरायची. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर.

अपंगत्व प्रमाणपत्र काढलंय का ते तू लिहिलं नाहीस. असेल तर त्यावरची मुदत बघ. लहानपणी काढलेलं पुष्कळदा तात्पुरतं असतं. नसेल तर केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून जिल्हा रुग्णालयात तपासणीच्या वाराला जा. दोन गोष्टी तिथं चुकतात. पहिली, तपासणारे फक्त पाय बघतात. तिचे हात थरथरतात आणि बोलणं अस्पष्ट आहे हे तू तोंडानं सांग आणि तेही तपासायला लाव, कारण पुढं लेखनिक नि जादा वेळ मागताना हाताचा उल्लेख लागतो. दुसरी, नाव. शाळेच्या रजिस्टरात आडनाव आधी, आधारवर शेवटी, प्रमाणपत्रावर आईच्या उच्चाराप्रमाणे, असे तीन अवतार झाले की प्रत्येक अर्ज परत येतो. शाळा सोडल्याचा दाखला घेतानाच तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षरं जुळवा.

अडीच किलोमीटरचा रस्ता. कॅरियरवर बसवणं आता बंद करा. ती लहान होती तोवर निभावलं. ताठ पाय आत ओढले जातात आणि स्पोकमध्ये अडकतात, पाठीला आधार नसल्यानं खड्ड्यात ती मागे फेकली जाते. सायकलच न्यायची असेल तर मागे पाठ टेकायची बैठक, छातीला रुंद पट्टा, पाय ठेवायला दोन्ही बाजूंना पेट्या आणि दोन्हीकडे साडी गार्ड बसवून घ्या, स्टँड दोन पायांचा. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, आणि तुमचा तालुका मागास तालुक्यांसाठीच्या मानव विकास कार्यक्रमात असेल तर आठवीपासूनच्या मुलींसाठी निळी बसही येत असेल. पण एसटीची पहिली पायरी तिच्यासाठी उंच आहे, चढवायला-उतरवायला मोठं माणूस हवंच. त्याच बाजूला जाणारी रिक्षा महिन्यावर ठरवून, आणखी दोन मुलींबरोबर भाडं वाटून घेणं आम्हाला जास्त टिकाऊ वाटतं. दोन मुली सोबत असणं तिच्या सुरक्षिततेलाही बरं. पहिले दोन आठवडे तू रिक्षातून बरोबर जा.

चाकाची खुर्ची मिळाली तर ती शाळेतच ठेवा, रोज ने-आण करू नका. मात्र शिबिरातून येणारी मोठ्या माणसाची खुर्ची घेऊन गप्प बसू नका. बैठकीची रुंदी म्हणजे तिच्या कंबरेची रुंदी अधिक ५ सेंटीमीटर, खोली म्हणजे पाठीपासून गुडघ्याच्या खळगीपर्यंतच्या मापातून ५ सेंटीमीटर वजा. १८ इंची बैठकीत तिच्यासारखी मुलगी एका बाजूला कलते आणि वर्षभरात मणका तसाच वळायला लागतो. समग्र शिक्षा आणि कानपूरचं अलिम्को (अपंगांची साधनं बनवणारी सरकारी कंपनी) मिळून अशी शिबिरं भरवतात, आधी मापं, काही महिन्यांनी वाटप. म्हणून विशेष शिक्षकांकडे नाव आत्ताच लावा.

उताराचं गणित आबांना असं सांग: जेवढी उंची त्याच्या बारापट लांबी. १५ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटीमीटर, तर उतार ५ मीटर ४० सेंटीमीटर लांब हवा, रुंदी १२० सेंटीमीटर. लोक जागा वाचवायला आहे त्या पायऱ्यांवर सिमेंट ओतून दीड मीटरची घसरगुंडी करतात. त्यावरून खुर्ची चढवता येत नाही आणि उतरताना हातातून सुटते. वर दारापाशी दीड मीटरचा सपाट चौक ठेवा. फरशी नको, ओल्या काँक्रीटवर झाडूनं आडव्या रेघा ओढा. दोन्ही कडांना चार बोटं उंच बांध घाला. उतार जमिनीला मिळतो तिथं पावसानं माती वाहून दोन इंचांची पायरी तयार होते, म्हणून शेवटचा भाग जमिनीत थोडा खोल घ्या. साहित्याचा खर्च शाळेच्या अनुदानातून व्हायला हवा. तुमच्या ग्रामपंचायतीलाही स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. संडासाची चौकट नि सायकलची बैठक त्यातून मागा, ग्रामसेवकांना लेखी अर्ज देऊन.

वर्गाचं थोडक्यात. वर्ग तळमजल्यावर आणणं फुकट होतं, नुसती पाटी बदलायची. बाकावर तिचे पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली लाकडी खोकं द्या. पाय टेकले की हातांची थरथर कमी होते, हे पहिल्याच दिवशी दिसेल. पेनाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जाड करा, वही बाकाला क्लिपनं अडकवा. फळ्यावरचं सगळं तिनं उतरवायचं नाही. शेजारणीच्या वहीत कार्बन पेपर ठेवला की तिची प्रत आपोआप तयार होते. तिनं फक्त गणितं सोडवायची आणि उत्तरं लिहायची. लेखनिक आठवीच्या चाचणीपासूनच वापरायला लावा. समीकरण नि भूमितीची आकृती दुसऱ्याला तोंडी सांगणं हे वेगळं कसब आहे आणि तिचं बोलणं कळायला लेखनिकाचाही कान तयार व्हावा लागतो. दहावीच्या वर्षी पहिल्यांदा लेखनिक भेटला तर निम्मा पेपर 'काय म्हणालीस?' यातच जातो. दहावीच्या सवलतींचा अर्ज शाळेमार्फत लातूर विभागीय मंडळाकडे जातो. नववी संपतानाच कागद तयार ठेवा.

आबांशी वाद घालू नकोस. 'पडली तर कोण बघणार' हा प्रश्न खरा आहे, त्याला 'शिक्षणाचं महत्त्व' हे उत्तर होत नाही. त्यांना हायस्कूलवर ने, भिंत दाखव, पायऱ्या मोजायला लाव. पडू नये म्हणून जे जे लागतं ते सगळं वीट, सिमेंट नि पाइपाचं काम आहे आणि ते त्यांच्याइतकं नीट तिथं दुसरं कुणी करणार नाही. दांडा स्वतः बसवला की त्यावर पोरीनं भार टाकलेला त्यांना चालेल.

तू शाळा चालू असताना घरी येशील तेव्हा कुणाला 'सगळं ठीक आहे ना' असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतील. एक दिवस शाळा सुटायच्या वेळेला रिक्षापाशी उभी राहा आणि तिच्या दप्तरातली पाण्याची बाटली उचलून बघ. भरलेली परत आली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मोजपट्टी घेऊन पुन्हा त्या संडासापासून सुरुवात कर.